पुठ्ठ्याची गिरणी

मुलांनो, बुटांची दोन-तीन रिकामी खोकी, संपलेल्या बॉलपेनची रिफिल, आलेख-कागदाचं एक पान आणि मूठभर गेरू. एवढ्या सामानात काय होईल, सांगा पाहू? आमच्या चौथीच्या वर्गानं त्यातून चक्क एक कापडगिरणी उभी केली. भली उंच चिमणी, करवतीसारखं छप्पर, मोठं फाटक, सगळं सगळं! आणि बरं का, आम्ही ती दोनदा उभी केली. कारण पहिली साफ चुकली होती. चूक मुलांची नव्हती, माझी होती. ती कशी झाली ते ऐका, म्हणजे तुम्ही करायला बसाल तेव्हा तुमची एक गिरणी वाचेल.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा वाडीत. विज्ञान प्रदर्शनासाठी काय करायचं, असा विषय निघाला. ज्वालामुखी नको, पवनचक्की नको, दरवर्षी तेच ते. मी म्हटलं, "गिरणी करू या." तर एकानं लगेच पिठाची चक्की आणि पट्टा काढून दाखवला! गिरणी म्हणजे दळण, एवढंच त्यांना ठाऊक. मग सांगावं लागलं, की मुंबईत कावसजी नानाभॉय दावर यांनी ताडदेवला १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली आणि मग पुढच्या काळात भायखळा, लालबाग, परळ, वरळी असं चिमण्यांचं एक रानच उभं राहिलं. त्यालाच गिरणगाव म्हणतात. आणि तिथं कामाला कोण गेलं? आपलेच पणजोबा, आजोबा. कोकणातले, साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे. आमच्या वाडीत असं घर शोधूनच काढावं लागेल, की ज्यातलं कुणी गिरणीत नव्हतं.

झालं, कामाला लागलो. पुस्तकातले फोटो पाहिले, खोकी कापली, फेव्हिकॉल लावला, पोस्टर कलरचा लालभडक रंग फासला. छपराला खोक्याच्या आतला पन्हाळी-पन्हाळीचा कागद लावला, कारण तो अगदी पत्र्यासारखा दिसतो. खिडक्यांना शर्टाच्या डब्याचं चकचकीत प्लॅस्टिक. भूगोलाचा धडा चालू होता, म्हणून तळाच्या फळीवर उत्तर दिशेचा बाणही काढला. चार दिवसांत गिरणी तयार! मला तर भारी वाटली.

संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तिला न्यायला आले. सव्वीस वर्षांचे होईपर्यंत ते गिरणीत, विणाईच्या खात्यात होते. घरात ते गिरणीबद्दल कधी अवाक्षर काढत नाहीत, असं मुलगी सांगायची. त्यांनी चष्मा लावला, फळीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाई, हा बाण उत्तरेचा ना?"

"हो."

"मग काचा दक्षिणेला कशा?"

मी गप्प. काचा रस्त्याच्या बाजूला लावल्या होत्या, बघणाऱ्यांना दिसाव्यात म्हणून!

मग त्यांनी छपरावरून बोट फिरवलं. "हे पत्रे म्हणता? ह्याच्या एका पन्हाळीत माणूस आडवा झोपेल." आणि जाता जाता म्हणाले, "चांगली केलीय मुलांनी. पण ही गिरणी एक दिवससुद्धा चाललेली नाही."

मुलं हिरमुसली. मीसुद्धा. पण रात्री पट्टी घेऊन बसले, तेव्हा कळलं, आजोबांची तिन्ही वाक्यं सोळा आणे खरी होती. चला, एकेक बघू.

आधी पत्र्याचं. प्रतिकृती म्हणजे नुसती लहान वस्तू नव्हे, ती प्रमाणात लहान असते. तुमच्या नकाशावर प्रमाण लिहिलेलं असतं ना, तेच हे. आम्ही घेतलं होतं १:१००. म्हणजे खरा १ मीटर तो आपला १ सेंटिमीटर. जगभरचे खेळण्यातल्या आगगाडीचे शौकीन १:८७ हे प्रमाण फार वापरतात, त्यात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. (पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं, तिथं अशाच लहानग्या गाड्यांबरोबर लहानगं गावही मांडलेलं आहे.) पण आपल्या शाळेच्या पट्टीला १:१०० सगळ्यांत सोयीचं. भागाकार करायची गरजच नाही.

आता खोक्यातल्या कागदाची एक पन्हाळ मोजा. साधारण ७ मिलिमीटर भरते. शंभरानं गुणा: ७०० मिलिमीटर, म्हणजे ७० सेंटिमीटर! तुमच्या पडवीवरच्या खऱ्या पत्र्याची पन्हाळ मोजून पाहा, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असेल. म्हणजे आमचा पत्रा नऊ पटींनी थोराड. एखाद्या राक्षसाच्या घराचा! आजोबांनी पट्टी न लावता ते ओळखलं. डोळा सवयीचा असला की प्रमाण चुकलेलं लगेच खुपतं. मग करायचं काय? साधा ड्रॉइंगचा कागद घ्या, त्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि संपलेल्या रिफिलनं एकेक मिलिमीटरवर रेघा दाबत जा. उलटा केलात की पत्रा तयार.

हीच युक्ती विटांना. विटेचा एक थर चुन्यासकट सुमारे ८ ते १० सेंटिमीटर. आपल्या प्रमाणात १ मिलिमीटरला जरासा कमी. अहो, आलेख-कागदावर १ मिलिमीटरच्या रेघा छापलेल्याच असतात! तो कागद वर धरून रिफिलनं दाबलं, की खालच्या कागदावर विटांचे थर उमटतात. आडव्या रेघा सगळ्या मारा. उभ्या मात्र इथंतिथं थोड्याच. सगळ्या मारायला गेलात तर दिवाळीची सुट्टी त्यातच संपेल.

आणि इमारतीची उंची कशी काढायची, जर आपण ती पाहिलेलीच नसेल? फोटोत दार शोधा. माणसाचं दार साधारण २.१ मीटर उंच. फोटोत दार ६ मिलिमीटर आहे आणि त्याच भिंतीची उंची ४२ मिलिमीटर, म्हणजे भिंत सात दारांएवढी. सात गुणिले २.१, म्हणजे १४.७ मीटर. आपली भिंत १४.७ सेंटिमीटर. झालं की नाही? दार आणि भिंत एकाच रेषेत हवीत मात्र, नाहीतर जवळचं दार मोठं दिसून फसवेल.

आता काचांचं. ही गोष्ट मला फार आवडली. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असतं? विणाईच्या खात्यात शेकडो माग धडधडत असतात. एवढा हादरा वरचे मजले सोसणार नाहीत, म्हणून माग तळमजल्यावर, एका प्रचंड पसरट खोलीत. सूतकताईचे साचे मात्र बाजूच्या तीन-चार मजली इमारतीत. पण पसरट खोलीच्या मधोमध उजेड कसा पोहोचणार? भिंतीतल्या खिडक्या तर लांब राहिल्या. म्हणून उजेड छपरातून घ्यायचा. आणि तो कडक ऊन नको, नुसता उजेड हवा, म्हणजे तुटलेला धागा नीट दिसतो, डोळे दिपत नाहीत, खोली भट्टीसारखी तापत नाही. आपल्याकडं सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगानं जातो. मग काचा उत्तरेला करायच्या आणि दक्षिणेच्या उन्हाकडं पत्र्याची नाहीतर कौलांची पाठ! (मुंबईला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, पण त्यातले बरेच दिवस ढगच असतात.)

तेव्हा काचा उत्तरेला ही नुसती शोभा नव्हती. आम्ही त्या दक्षिणेला लावून कामगारांच्या डोळ्यांवर ऊन टाकलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही दाता असा केला: तळ ६ सेंटिमीटर, काचेची उभी बाजू २.५ सेंटिमीटर आणि पत्र्याची तिरपी बाजू ६.५ सेंटिमीटर. वरच्या वर्गातल्या मुलांनी पायथागोरसचा नियम लावून बघावा, काटकोन बरोबर येतो. असे चार दाते ओळीनं. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पन्हळ हवी, कारण पावसाचं सगळं पाणी तिथंच साठणार. तिथून भिंतीवर उभा पाइप. हा पाइप विसरू नका हं, रंगवताना तोच आपल्या कामाला येणार आहे.

चिमणी आठकोनी केली. ४५ सेंटिमीटर लांबीच्या आठ पट्ट्या, खाली १६ मिलिमीटर रुंद, वर १० मिलिमीटर. पातळ कागदावर शेजारी शेजारी चिकटवून मग गुंडाळायच्या. म्हणजे खरी चिमणी ४५ मीटरची. एवढी उंच कशाला? नुसता धूर वर सोडायला नव्हे. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि खालून भट्टीत ताजी हवा ओढून घेते. चिमणी जितकी उंच, तितकी ओढ जास्त आणि कोळसा पेटतो चांगला. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, पण तिथली जुनी चिमणी ठेवलेली आहे. मुंबईला गेलात तर दुकानांकडं जरा पाठ करून तिच्याकडं बघा.

कटरनं कापायचं काम मोठ्या माणसाला शेजारी बसवून करा. आमच्याकडं तो माझ्याच हातात होता.

राहिलं आजोबांचं तिसरं वाक्य. "ही गिरणी एक दिवससुद्धा चाललेली नाही." हे मला रात्री बराच वेळ उमगलं नाही. सकाळी शाळेत येताना आमच्या पंचायतीच्या जुन्या इमारतीकडं पाहिलं आणि चटकन उलगडलं. भिंत कुठंच एका रंगाची नव्हती! पाइपच्या सांध्याखाली हिरवट ओघळ. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून खाली काळ्या रेघा. दाराजवळ माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर भिंत घासून गुळगुळीत. जमिनीलगत चिखलाच्या शिंतोड्यांचा पट्टा. वापरलेल्या घरावर वापर लिहिलेला असतो. आमच्या गिरणीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या गिरणीला बाटलीतला लाल रंग बंद! भिंतीला गेरू. गेरू पाण्यात कालवून त्यात फेव्हिकॉलचे चार थेंब टाकायचे, म्हणजे बोटाला लागत नाही. तो वाळला की पांढऱ्या रंगात चिमूटभर काळा-पिवळा मिसळून अगदी पातळ पाणी करायचं, भिंतीवर फिरवायचं आणि लगेच फडक्यानं वरच्यावर पुसायचं. रेघांच्या खाचांत रंग राहतो, विटेवरचा निघून जातो. विटांमधला चुना दिसायला लागतो! पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळा वर्ग ओरडला होता. मग बारीक ब्रशनं चार-सहा विटा थोड्या गडद, चार-सहा थोड्या फिक्या करायच्या.

रंग उग्र नकोत, याचंही एक गणित आहे. आपण प्रतिकृतीकडं १ मीटरवरून बघतो, म्हणजे खऱ्या गिरणीपासून १०० मीटरवर उभे आहोत. शंभर मीटरवरून लाल रंग तेवढा लाल दिसतो का? लांबचा डोंगर बघा, हिरवा असून निळसर-राखी दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा-राखाडी मिसळायचा आणि चकाकी तर मुळीच नको. व्हार्निश मारलंत की पुन्हा खेळणं झालं.

गंजाला आम्ही गेरूत हळद घातली होती. सुंदर दिसला! आठ दिवसांत उन्हानं हळद उडाली आणि गंज गायब. तेव्हा हळद आमटीतच घाला, गंजाला पिवळा पोस्टर कलर घ्या.

काजळीसाठी काळा रंग वापरू नका. चुलीतला कोळसा कुटून बारीक पूड करा आणि कोरड्या ब्रशनं घासा. ब्रश कोरडाच हवा. चिमणीच्या तोंडाशी दाट, खाली येताना विरळ. इथं वर्गात वाद झाला, काजळी चारी बाजूंना सारखी की नाही? एक मुलगा म्हणाला, "बाई, मुंबईत समुद्र पश्चिमेला. वारा तिकडून येणार. मग काजळी पूर्वेला जास्त." शाब्बास! आणि पावसाची झड पश्चिमेकडून, तिकडच्या भिंतीला घरी आपण झापं बांधतो, म्हणून शेवाळ पश्चिमेला आणि पाइपच्या आजूबाजूला. ओघळ काढताना ब्रश नेहमी वरून खाली. पाणी कधी आडवं वाहत नाही.

काचेचं प्लॅस्टिक आजोबांनी काढायला लावलं. हो, दुसऱ्या गिरणीच्या वेळी ते रोज यायला लागले होते! दुपारी चारला दारात हजर. म्हणाले, "आत सगळीकडं कापसाचे तंतू उडायचे. केसांत, भुवयांवर, काचांवर. काच कधी आरपार दिसलीच नाही." मग आम्ही बटर पेपर लावला. आतून छोटा बल्ब पेटवला तेव्हा छप्पर असं काही मऊ उजळलं, की आजोबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत.

आता खरा पेच सांगते. मुलांना डाग, गंज, शेवाळ यांची अशी चटक लागली, की ती म्हणाली, "बाई, बंद पडलेली गिरणी करू या! फुटक्या काचा, भिंतीतून उगवलेला पिंपळ. मस्त दिसेल." मलाही मोह झाला. रंगवायला पडकी इमारत नेहमीच सोपी आणि दिसायलाही झोकदार. पण त्यासाठी ठरवावं लागतं, आपली प्रतिकृती कुठल्या सालची? चालू गिरणी, की संपानंतरची? मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. पुढारी होते डॉ. दत्ता सामंत. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि वर्ष उलटलं तरी संप मिटला नाही. कितीतरी जण पुन्हा कामावर गेलेच नाहीत, आमचे आजोबा त्यांतलेच. पेटी घेऊन ते गावी आले ते कायमचे.

आजोबांना मुलांनी सरळच विचारलं. मी जरा धास्तावले होते. त्यांनी फाटकापाशी उभी केलेली कागदाची माणसं पाहिली. एकेक जेमतेम दीड सेंटिमीटरचं, डब्यासकट. नातीनं केलेलं एक माणूस त्यांनी चिमटीत उचललं.

"करा की बंद गिरणी," ते म्हणाले. "पण मग ह्यांना उचला. हे तिथं कशाला असतील?"

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. पंचवीस माणसं त्यांनी कापून, रंगवून, नावं ठेवून उभी केली होती! कुणीच हात पुढं केला नाही. मग नात म्हणाली, "चालू ठेवू या." गिरणी चालू राहिली. साल धरलं १९७८. फाटकावरच्या घड्याळात किती वाजवायचे, ते आजोबांनी सांगितलं: सातला पाच कमी. पहिली पाळी सातची. त्यांनी ते कागदाचं माणूस फाटकाच्या आत, अगदी दाराशी ठेवलं. म्हणाले, "हा मी. मला कधी उशीर झाला नाही."

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "गिरणी सुबक आहे, पण यात विज्ञान काय?" नातीनं टॉर्च काढला. आधी दक्षिणेकडून धरला, झोत सगळा पत्र्यावर. मग परीक्षकांना काचेतून आत बघायला लावलं आणि गिरणीच फिरवून काचा टॉर्चसमोर आणल्या. "सर, आता मागावर धागा तुटला तर दिसेल का?" परीक्षक डोळे चोळत मागं सरले. बक्षीस एका सौरचुलीला गेलं, ती खरंच छान होती, तिच्यावर अंडं उकडलं होतं.

तुमच्या गावात कापडगिरणी नसेल, पण काहीतरी असेलच. साखर कारखाना, कौलांचा कारखाना, जिनिंग-प्रेसिंग, बंदरावरचा बर्फाचा कारखाना, निदान भाताची गिरण. दार मोजा, विटांचे थर मोजा, काचा कुठल्या दिशेला आहेत ते बघा आणि तिथं काम केलेलं एक माणूस शोधा. आमची मुलं सध्या भाताच्या गिरणीवर पट्टी घेऊन जातात. मालकांना आधी वाटलं, सरकारी मोजणी आली!

आमची कापडगिरणी शाळेच्या कपाटावर आहे. यंदाच्या पावसात पुठ्ठ्यानं ओल धरली आणि चिमणी थोडी कलली. आजोबा बांबूची एक सरळ काठी तासून ठेवून गेले आहेत, आतून घालायला. दिवाळीनंतर बसवायची.